पोहण्याचा तोकडा पोशाख: बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा?

लाटांकित

समुद्रावर किंवा तरणतलावावर माणसाच्या अंगावर किती कापड असावे, हे ठरवताना आपण दोन निरनिराळ्या मोजपट्ट्या वापरतो, असे मला बरेच दिवस वाटत आले आहे. त्या दोन्ही एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, म्हणून हा धागा काढत आहे.

बिकिनी घातलेल्या बाईकडे पाहून लोक तिच्या स्वभावाविषयी, घरच्या वळणाविषयी आणि हेतूविषयी बिनदिक्कत निष्कर्ष काढतात. त्याच किनाऱ्यावर उघड्या छातीने हिंडणाऱ्या पुरुषाविषयी कोणी काही बोलत नाही, कारण तो उघडा आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. गंमत अशी, की हाच पुरुष गुडघ्यापर्यंतच्या सैल शॉर्ट्सऐवजी छोटी, घट्ट चड्डी घालून आला, की लोक फिदीफिदी हसतात आणि काही जण नाक मुरडून ‘हे काय किळसवाणे’ असेही म्हणतात. म्हणजे पुरुषालाही पूर्ण सूट आहे असे दिसत नाही.

माझा प्रश्न असा, की ही एकाच दुटप्पीपणाची दोन रूपे आहेत, की मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत? आणि स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडेल असा एकच नियम करायचा झाला, तर तो कोणता असावा? कृपया अनुभव आणि मते सविस्तर लिहावीत. संस्कृतिरक्षणाचे ठराव मांडायचे असल्यास त्यासाठी वेगळा धागा काढता येईल.

तिरकस

एकच नियम पुरेसा आहे: ज्यांना पोहता येत नाही, त्यांनी इतरांच्या पोशाखावर बोलू नये. ज्यांना पोहता येते ते पाण्यात असतात, त्यामुळे त्यांना बोलायला सवड नसते.

पाणकावळा

मी नियमाने पोहणारा माणूस आहे आणि घट्ट चड्डीच घालतो, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे समजतो.

सैल शॉर्ट्स घालून पोहून पाहा. पाण्यात उतरताच त्यांत हवा भरते आणि मागच्या बाजूला फुगा होतो. तो दाबून हवा काढावी, तर खिशांत पाणी भरते. भिंतीला पाय लावून जोर मारला, की कंबरेची नाडी सैल होते आणि एका हाताने शॉर्ट्स सावरत पोहण्याची वेळ येते. बाहेर येताना तेच कापड दोन्ही मांड्यांना चिकटते, आणि जे झाकण्यासाठी ते घातले होते ते सगळे अधिकच ठळक दिसते. इतके करून लोक त्याला सभ्य पोशाख म्हणतात.

एकदा एका तलावाच्या व्यवस्थापकांनी मला बाजूला घेऊन, ‘इथे कुटुंबे येतात, जरा लांब काही घालत जा,’ असे सुचवले होते. त्या वेळी आजूबाजूला उघड्या छातीचे आणि ढेरपोटे असे कितीतरी पुरुष उभे होते, पण त्यांची पोटे कौटुंबिक वातावरणात बसत असावीत. फ्रान्समधल्या सार्वजनिक तलावांवर याच्या नेमका उलट नियम असतो. तिथे पुरुषांना सैल शॉर्ट्स घालून पाण्यात उतरू देत नाहीत आणि घट्ट चड्डीच घालावी लागते. कारण असे सांगतात, की सैल शॉर्ट्स माणूस रस्त्यावरही घालून फिरतो आणि ती धूळ-घाण पाण्यात येते. म्हणजे एकीकडे जे असभ्य, ते दुसरीकडे आरोग्याच्या कारणाने सक्तीचे.

तेव्हा लाटांकित, दुटप्पीपणा आहेच, पण तो फक्त बायकांच्या वाट्याला येतो असे नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

भोचकभवानी

पाणकावळा, तुमच्या शॉर्ट्सचे वर्णन वाचून मनापासून हसले, आणि माझा मुद्दाही तिथूनच सुरू होतो. तुमच्यावर लोक हसले, व्यवस्थापकांनी उपदेश केला आणि गोष्ट तिथे संपली. तुमच्या चड्डीवरून तुमचे चारित्र्य कोणी ठरवले नाही, तुमच्या मागे वाहनतळापर्यंत कोणी आले नाही, आणि ‘असे कपडे घातल्यावर दुसरे काय होणार’ हे वाक्य तुम्हाला कधी ऐकावे लागले नसेल.

तलावावर जाणाऱ्या कोणत्याही बाईचा टॉवेल कुठे असतो, ते एकदा निरखून पाहा. कपडे बदलण्याच्या खोलीपासून काठापर्यंत तो अंगाभोवती गुंडाळलेला असतो. काठावर आल्यावर ती शिडीच्या कठड्यावर तो अशा ठिकाणी टाकते, की पाण्यातून हात वर केला तर टोक हाती लागावे. मग एका झटक्यात टॉवेल सोडणे आणि पाण्यात उतरणे या दोन्ही क्रिया जवळजवळ एकाच वेळी होतात. बाहेर येतानाही आधी हात, मग टॉवेल आणि मग बाकीची बाई. हे तिला कोणी शिकवलेले नसते. शेजारी पुरुषांचे टॉवेल बाकावर, खुर्चीवर, कधी जमिनीवर पडलेले असतात आणि बरेचदा आपला कोणता तेही त्यांना आठवत नाही.

आणि हे सगळे साध्या एकसंध कॉस्च्युमबद्दल चालले आहे, बिकिनीपर्यंत मी अजून पोचलेलेच नाही. हसणे आणि धाक घालणे यांना एकाच पारड्यात घालू नये, एवढीच विनंती.

आर्जवी

भोचकभवानी यांच्या टॉवेलच्या परिच्छेदाशी शब्दशः सहमत आहे.

कोरडा पाषाण

मी थोडा वेगळा सूर लावतो, आणि त्याबद्दल मला प्रतिगामी म्हटले जाईल याची कल्पना आहे.

स्त्री आणि पुरुष यांची शरीरे वेगळी आहेत, हे निसर्गाने ठरवले आहे. पुरुषाची छाती आणि स्त्रीची छाती यांना समाज वेगळ्या नजरेने पाहतो, कारण त्या वेगळ्या आहेत. दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे नियम लावले, तर त्याला दुटप्पीपणा म्हणता येत नाही. दुटप्पीपणा तेव्हा होतो, जेव्हा गोष्ट एकच असते आणि नियम दोन असतात. स्त्रियांना त्रास देणाऱ्यांचे समर्थन मी मुळीच करत नाही, तो गुन्हाच आहे. परंतु पुरुषाची उघडी छाती कोणालाच खटकत नाही, ही गोष्ट नैसर्गिक आहे आणि तिच्यामागे कोणाचे कारस्थान नाही, एवढेच म्हणायचे आहे.

हेमाडपंती

कोरडा पाषाण, ‘पुरुषाची उघडी छाती कोणालाच खटकत नाही’ हे तुमचे विधान आजच्यापुरते बरोबर आहे. शंभर वर्षांपूर्वी ते कोणी छापलेही नसते.

अमेरिकेत १९३० च्या दशकापर्यंत अनेक किनाऱ्यांवर पुरुषांना छाती झाकावी लागत असे. त्यांचे पोहण्याचे पोशाख लोकरीचे, बंडी आणि चड्डी एकत्र असलेले असत. १९३३ च्या सुमारास जँटझन या कंपनीने पुरुषांसाठी असा पोशाख आणला, की ज्याचा वरचा भाग कंबरेपाशी असलेल्या चेनने काढता यायचा. जिथे परवानगी असेल तिथे चेन उघडायची आणि पहारेकरी दिसला की पुन्हा लावायची, अशी ही सोय होती. अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर त्याच दशकात उघड्या छातीच्या पुरुषांना पकडून दंड करण्यात आला होता. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९३५ साली निघालेल्या नियमात स्त्री असो वा पुरुष, पोशाखाने अंगाची पुढची बाजू काखेपासून कंबरेपर्यंत झाकलेली असलीच पाहिजे आणि पायांवर किमान ३ इंच कापड उतरले पाहिजे, असे लिहिले होते. हा नियम १९६१ पर्यंत कागदावर होता.

स्त्रियांची कथा अधिक जुनी आणि अधिक काटेकोर. १९२२ साली वॉशिंग्टनमध्ये एक अधिकारी गुडघ्यावर बसून मोजपट्टीने बाईच्या गुडघ्यापासून पोशाखाच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतो आहे, असे छायाचित्र प्रसिद्ध आहे. मर्यादा ६ इंचांची होती. सार्वजनिक सभ्यता टिकवण्यासाठी एका पुरुषाला भर किनाऱ्यावर बायकांच्या मांड्यांपाशी वाकावे लागत होते, यात कोणाला काही वावगे वाटले नसावे.

आता याच्या उलट बाजूही पाहा. अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनने १९२६ साली बंदिस्त तलावांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत पुरुषांनी विवस्त्र पोहावे अशी शिफारस होती, कारण लोकरीचे तंतू गाळणीत अडकत आणि पाण्याची स्वच्छता राखणे अवघड होई. ही शिफारस १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. स्त्रियांना मात्र पोशाख घालणे आवश्यक होते, जणू त्यांच्या लोकरीचे तंतू गाळणीला चालत होते.

आणि त्याहून मागे जायचे असेल, तर सिसिलीतल्या व्हिला रोमाना देल कासाले या रोमन वाड्यातली चौथ्या शतकातली मोझेक चित्रे पाहावीत. त्यांत दोन तुकड्यांचा पोशाख घातलेल्या तरुणी वजने उचलताना, थाळी फेकताना आणि धावताना दिसतात. विजेतीच्या हाती मुकुट आणि ताडाची फांदी आहे. तो पोशाख व्यायामाचा होता.

निसर्गाने ठरवलेल्या गोष्टी इतक्या लवकर लवकर बदलत नसतात.

तिरकस

काढता येणाऱ्या बंडीची ती चेन अर्ध्यावर अडकली, तर तो पुरुष अर्धा सभ्य धरायचा की अर्धा असभ्य, याबद्दल नियमात काही तरतूद होती का?

पाणकावळा

तिरकस, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माहीत नाही, पण शेजारची एक हकिकत आहे. ज्या छोट्या चड्डीवरून मला उपदेश ऐकावा लागला, ती पीटर ट्रॅव्हिस या रचनाकाराने स्पीडो कंपनीसाठी १९६० च्या सुमारास तयार केली. ट्रॅव्हिस यांनी ती कंबरेऐवजी खाली, नितंबांच्या हाडांवर बसेल अशी आखली, म्हणजे पाय मोकळे हलावेत. पुढे सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ती घालणाऱ्या काही पुरुषांना असभ्यतेच्या नावाखाली पकडले गेले आणि न्यायालयाने त्यांना सोडून दिले. त्याच किनाऱ्यावर त्या काळात बिकिनी घातलेल्या बायकांना हाकलून दिले जात होते. म्हणजे तेव्हा तरी दोघांना सारखाच जाच होता.

आर्जवी

इतिहास रंजक आहे, पण मला आजच्या काळातला एक प्रसंग इथे आणायचा आहे, कारण त्याने हा प्रश्न उलटा करून दाखवला.

जुलै २०२१ मध्ये बल्गेरियातल्या व्हार्ना इथे किनाऱ्यावरच्या हँडबॉलची युरोपीय स्पर्धा होती. नॉर्वेच्या महिला संघाने कांस्यपदकाच्या सामन्यात बिकिनीची चड्डी घालायचे नाकारले आणि त्या शॉर्ट्स घालून उतरल्या. युरोपीय महासंघाने त्यांना १,५०० युरोंचा दंड केला. त्या वेळच्या नियमानुसार महिलांची चड्डी अंगाला घट्ट बसणारी, मांडीच्या वर तिरकी कापलेली आणि बाजूला जास्तीत जास्त १० सेंटीमीटर रुंद असायला हवी होती. पुरुषांना मात्र गुडघ्याच्या १० सेंटीमीटर वरपर्यंत येतील अशा शॉर्ट्स चालत होत्या. दोन्ही नियमांत दहा सेंटीमीटर होते, फक्त एका ठिकाणी ते कापडाचे मोजमाप होते आणि दुसऱ्या ठिकाणी उघड्या कातडीचे. पिंक या गायिकेने दंड भरण्याची तयारी दाखवली, जगभर ओरड झाली आणि काही महिन्यांत आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला. तरीही नव्या नियमात महिलांच्या चड्डीला ‘घट्ट’ हे विशेषण राहिलेच, आणि पुरुषांच्या बाबतीत ‘फार ढगळ नको’ एवढेच म्हटले.

किनाऱ्यावरच्या व्हॉलीबॉलमध्येही २०१२ पर्यंत महिलांना एकसंध स्विमसूट किंवा बाजूला ७ सेंटीमीटरपेक्षा रुंद नसलेली बिकिनी यांतूनच निवड करावी लागे. लंडन ऑलिंपिकच्या आधी शॉर्ट्स आणि बाह्यांचे सदरे मान्य झाले.

तेव्हा बाईने अंग दाखवले तर ती निर्लज्ज, आणि स्पर्धेत दाखवायचे नाकारले तर तिला दंड, हे एकत्र ठेवून पाहा. दोन्हीकडे कापडाचा निर्णय तिचा नाही. खरा दुटप्पीपणा मला इथे दिसतो. पाणकावळा यांना लोक हसले, पण लांब शॉर्ट्स घातल्याबद्दल कोणत्याही महासंघाने त्यांच्याकडून पैसे मागितले नाहीत.

खारा वारा

मी स्पर्धात्मक जलतरणाच्या पंचगिरीत बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून त्या बाजूचे थोडे सांगतो. पोशाखाचा नियम कामाच्या कारणाने केला, की त्यावरचा वाद पुष्कळ कमी होतो.

२००९ सालच्या रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या अंगभर पोशाखांमुळे ४३ जागतिक विक्रम मोडले गेले. त्या पोशाखांनी पाण्यावर तरंगायला मदत होते, म्हणून २०१० च्या सुरुवातीपासून ते बंद झाले. तेव्हापासून पुरुषांचा पोशाख कंबर ते गुडघा आणि महिलांचा खांदा ते गुडघा, विणलेल्या कापडाचाच, असा नियम आहे. तो पुरता समान नाही, हे मान्य. परंतु त्यामागे पाण्याचा विरोध आणि तरंगण्याची शक्ती ही कारणे आहेत आणि ती मोजता येतात.

सूर मारण्याच्या स्पर्धेत तर पुरुषांची चड्डी महिलांच्या पोशाखापेक्षा कितीतरी लहान असते. वॉटर पोलोमध्ये महिलांचा पोशाख गळ्यापर्यंत बंद आणि पाठीवर चेन असलेला असतो, कारण प्रतिस्पर्धी पाण्याखाली कापड पकडून ओढतात. सामन्यानंतर खेळाडू बाहेर येतात, तेव्हा खांद्याच्या पट्टीखाली ओरखड्यांच्या लाल रेघा उमटलेल्या असतात. तिथे शालीनतेचा विचार करायला कोणाला फुरसत नसते.

कोरडा पाषाण

हेमाडपंती यांनी दिलेले दाखले मी नाकारत नाही, आणि खेळाचे नियम खेळाच्या गरजेनुसार असावेत, हेही मान्य करतो. नॉर्वेच्या मुलींना झालेला दंड मूर्खपणाचाच होता.

परंतु सार्वजनिक किनारा हे खेळाचे मैदान नाही. तिथे येणारी प्रत्येक बाई पोहायला येते असेही नाही. काही जणी चांगले दिसण्यासाठी आणि छायाचित्रे काढण्यासाठीच तो पोशाख घालतात, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करणार की नाही? दिसावे म्हणून घालायचे आणि पाहिले की तक्रार करायची, यातही थोडा दुटप्पीपणा आहे.

भोचकभवानी

मान्य आहे, अगदी प्रामाणिकपणे. काही जणी चांगले दिसण्यासाठीच घालतात. आता तुम्हीही तितक्याच प्रामाणिकपणे सांगा, की वर्षभर व्यायामशाळेत घाम गाळून किनाऱ्यावर पाऊल टाकताच सदरा काढणारा आणि मग पोट आत ओढून उभा राहणारा पुरुष कशासाठी तसे करतो? वाऱ्यासाठी? त्याच्याकडे कोणी पाहिले, तर त्याला आनंद होतो. त्याच्या अंगाला कोणी न विचारता हात लावावा, असा अर्थ त्यातून कोणी काढत नाही. आम्हीही पाहण्याबद्दल फारशी तक्रार करत नाही. तक्रार टक लावून बसण्याबद्दल, जवळ येण्याबद्दल, शेरे मारण्याबद्दल आणि दूरवरून भ्रमणध्वनी रोखण्याबद्दल आहे.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. कमावलेल्या शरीराचा पुरुष छोट्या चड्डीत आला, तर त्याचे कौतुक होते आणि ढेरपोट्या आला तर हसू होते. म्हणजे पुरुषाला फार तर सौंदर्याच्या परीक्षेत नापास करतात. सडपातळ बाई बिकिनीत आली तर ती निर्लज्ज, आणि जाड बाई आली तर ती निर्लज्ज आणि शिवाय बेढब. साठीची आली, तर या दोन्हींच्या जोडीला ‘वयाचे तरी भान ठेवावे’ हे तिसरे. तिच्यावरचे आरोप एकमेकांच्या जागी येत नाहीत, ते साचत जातात.

दीपस्तंभ

भोचकभवानी यांच्या शेवटच्या परिच्छेदावरून मानसशास्त्रातला एक प्रयोग आठवला, जो या धाग्याच्या मूळ प्रश्नाला थेट भिडतो.

बार्बरा फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एकेकटे एका खोलीत पाठवून, आरशासमोर काहींना पोहण्याचा पोशाख आणि काहींना स्वेटर घालून पाहायला सांगितले. तोच पोशाख अंगावर असताना त्यांच्याकडून गणिताची परीक्षा सोडवून घेतली. खोलीत दुसरे कोणीही नव्हते. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा कमी गुण मिळाले. मुलांच्या गुणांत मात्र तसा फरक पडला नाही. आपले शरीर दुसऱ्याच्या नजरेने तपासत राहण्याची सवय डोक्याचा काही भाग अडवून ठेवते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले.

पण पाणकावळा, तुमच्यासाठी पुढचा भाग महत्त्वाचा आहे. त्या प्रयोगात मुलांना सैल चड्ड्या दिल्या होत्या. मिशेल हेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मुलांना छोट्या घट्ट चड्ड्या दिल्या, आणि मग मुलांचेही गुण घसरले. म्हणजे ज्या नजरेचे ओझे बायका रोज वाहतात, ते पुरुषालाही जाणवते, फक्त त्यासाठी त्याला ती विशिष्ट चड्डी घालावी लागते. एखाद्या प्रयोगावर सगळी इमारत उभी करू नये, हे मान्य. तरीही लाटांकित यांच्या ‘एक की दोन’ या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की ओझे एकच आहे, पण ते उतरवून ठेवण्याची सोय एकालाच आहे. पुरुष सैल शॉर्ट्स घालतो आणि सुटतो. बाईला तेवढ्याने सुटता येईल असा पोशाखच नाही.

तिरकस

आमच्या शालेय गणितातल्या गुणांचे खापर कोणत्या चड्डीवर फोडावे, याचा मी अजून शोध घेत आहे.

मावळतीची

दीपस्तंभ यांच्या शेवटच्या वाक्याला पुरवणी जोडते. सगळे अंग झाकूनही बाई सुटत नाही. आहेदा झनेटी या ऑस्ट्रेलियन रचनाकार बाईंनी २००४ च्या सुमारास बुर्किनी तयार केली, म्हणजे डोके आणि हातपाय झाकणारा, पण पोहता येईल असा पोशाख. २०१६ च्या उन्हाळ्यात कान, नीस आणि इतर काही फ्रेंच शहरांच्या महापौरांनी किनाऱ्यावर तिला बंदी घातली. नीसच्या किनाऱ्यावर सशस्त्र पोलीस उभे आहेत आणि मधोमध बसलेली बाई अंगावरचा सदरा उतरवते आहे, हे छायाचित्र त्या वेळी सर्वत्र पोचले. ऑगस्टच्या अखेरीस फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने व्हिलनव्ह-लुबे या गावाची बंदी स्थगित केली. १९२२ चा तो अधिकारी जास्त कापड मागत होता आणि २०१६ चे कमी मागत होते. बाकी दृश्य तेच आहे.

पण मला खरे तर कोरडा पाषाण यांच्या पहिल्या मुद्द्याबद्दल लिहायचे होते, की शरीरे वेगळी म्हणून नियम वेगळे. माझी जुळी मुले तीन वर्षांची आहेत, एक मुलगी आणि एक मुलगा. या वयात कमरेच्या वर दोघांची शरीरे सारखीच असतात. अंघोळीच्या वेळी पाठमोरी असली, तर मलाही क्षणभर पाहावे लागते. दुकानात मुलासाठी नुसती चड्डी मिळते. मुलीसाठी मात्र दोन तुकड्यांचा संच मिळतो, ज्यात वरचा तुकडा मानेमागे नाडीने बांधायचा असतो. त्या तुकड्याने काय झाकायचे, हे बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. प्रत्येक लाटेबरोबर ती नाडी सुटते. मुलगा वाळूत खड्डा खणत असतो आणि मुलगी खणायचे सोडून दर दोन मिनिटांनी ‘आई, बांध ना’ म्हणत पाठ फिरवून उभी राहते. एकदा कंटाळून मी तिचा वरचा तुकडा काढून टाकला, तर शेजारच्या छत्रीतल्या बाईंनी मला हळूच सांगितले, की आत्तापासून सवय लावलेली बरी असते.

इथे गोष्ट एकच आहे आणि नियम दोन आहेत. कोरडा पाषाण, ही तुमचीच व्याख्या आहे.

हेमाडपंती

मावळतीची, या एका प्रतिसादासाठी धागा वाचल्याचे सार्थक झाले.

कोरडा पाषाण

मावळतीची, लहान मुलांच्या बाबतीत तुमचा मुद्दा मला पटला आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मोठ्यांच्या बाबतीत मात्र माझे मत बदललेले नाही. नियमच नको, असे म्हणता येणार नाही. समान नियम म्हणजे सगळ्यांनी उघडे हिंडणे, असाच त्याचा शेवट होणार असेल, तर तो बहुसंख्य स्त्रियांनाही नको असेल. आणि समान नियम झाकण्याचाही असू शकतो. इटलीतल्या सोरेंतो शहराने २०२२ मध्ये गावात उघड्या छातीने किंवा बिकिनीत फिरणाऱ्यांना ५०० युरोंपर्यंत दंड जाहीर केला. किनाऱ्यावर हवे ते घाला, बाजारात मात्र दोघांनीही अंगभर कपडे घाला. हा नियम मला आदर्श वाटतो.

आर्जवी

सोरेंतोचा दाखला चांगला आहे आणि मलाही तो नियम मान्य आहे, कारण त्यात पुरुषाची छाती पुन्हा मोजणीत आली.

दुसऱ्या टोकालाही समान नियम आहे आणि त्याचा शेवट तुम्ही म्हणता तसा झालेला नाही. बर्लिनच्या सार्वजनिक तलावांच्या नियमावलीत केवळ प्रचलित पोहण्याचा पोशाख घालावा, एवढेच लिहिले होते आणि स्त्री-पुरुष असा भेद नव्हताच. तरी कर्मचारी कमरेच्या वर उघड्या असलेल्या बायकांना बाहेर काढत असत. एका महिलेने रीतसर तक्रार केल्यावर मार्च २०२३ मध्ये तलाव चालवणाऱ्या संस्थेने जाहीर केले, की नियम सगळ्यांना सारखाच लागू होईल. म्हणजे नियमात नसलेला भेद अंमलबजावणीत होता. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या अपील न्यायालयाने १९९६ मध्ये रस्त्यावर छाती उघडी ठेवून चालणाऱ्या एका विद्यार्थिनीलाही निर्दोष सोडले होते. तेव्हापासून तिथे बहुतेक बायका पूर्वीसारख्याच झाकून जातात. त्यांना हक्क मिळाला, सक्ती झाली नाही.

खारा वारा

नियमावली लिहिण्याचे काम मी केलेले आहे, म्हणून व्यवहाराचे सांगतो. ‘सभ्य पोशाख’ हे शब्द लिहिले, की काठावर उभा असलेला कर्मचारी त्याचा अर्थ स्वतःच्या घरच्या रीतीप्रमाणे लावतो, आणि मग बर्लिनसारखे होते. त्याऐवजी कापड पोहण्याचे असावे, खिसे नसावेत, आतून दुसरे अंतर्वस्त्र नसावे आणि गुप्तांगे झाकलेली असावीत, असे लिहिले तर कर्मचाऱ्याला अंदाज करावा लागत नाही. या चार अटी बाई आणि पुरुष हे शब्द न वापरता लिहिता येतात. वर्तनाचा नियम वेगळा असावा आणि तो पाहणाऱ्यासाठी असावा: काठावर छायाचित्रण बंद, शेरेबाजी करणाऱ्याला बाहेर.

लाटांकित

इतक्या तपशीलवार प्रतिसादांबद्दल सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

धागा काढताना मी पुरुषाच्या चड्डीवरचे हसू आणि बाईच्या बिकिनीवरचे आरोप यांना एका ओळीत ठेवले होते. चर्चेनंतर असे दिसते, की उगम एकच आहे, पण परिणाम एका तोलाचे नाहीत. पुरुषाचे शरीर एरवी कोणी पाहत नाही. तो छोट्या चड्डीत आला, की तेवढ्यापुरते ते पाहिले जाते, आणि त्या अवघडलेपणाचे लोक हसू करतात. बाईचे शरीर कायमच पाहिले जाते, म्हणून तिथे हसण्याऐवजी न्यायनिवाडा होतो. दीपस्तंभ यांचे ‘उतरवून ठेवण्याची सोय’ हे सूत्र मला सर्वांत नेमके वाटले.

एकच नियम कोणता, यावर मी खारा वारा यांच्या मसुद्याच्या बाजूने आहे. फक्त एक शंका आहे. समुद्रकिनाऱ्यावर कर्मचारी नसतात, प्रवेशद्वार नसते आणि छायाचित्रणावर बंदी घालताही येत नाही. तिथे वर्तनाचा नियम कोण राबवणार?

भोचकभवानी

निदान सुरुवात जीवरक्षकांपासून करता येईल. ते तसेही दिवसभर उंच खुर्चीवर बसून सगळ्या किनाऱ्यावर लक्ष ठेवतात आणि कोणी खोल पाण्यात गेले, की शिटी वाजवतात. कोणी बायकांच्या घोळक्यासमोर भ्रमणध्वनी रोखून उभा राहिला, तर तीच शिटी वाजवायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

पाणकावळा

याला माझा पाठिंबा आहे. आणि ज्या व्यवस्थापकांनी मला लांब शॉर्ट्स घालायला सांगितले होते, त्यांना मी खारा वारा यांच्या चार अटी कळवणार आहे. त्यांतल्या ‘खिसे नसावेत’ या अटीत त्यांच्या तलावावरचे निम्मे सभ्य पुरुष अडकतील.